गच्चीचं शेवटचं न्हाणं

डांबर तापल्याचा वास आला की माझा घास हातातच राहतो. आज सकाळपासून मागच्या गल्लीत कुणीतरी गच्चीवर शीट घालायला घेतली आहे. गॅसच्या बत्तीचा तो घुर्र आवाज मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. गणपती जाऊन चार दिवस झाले, ऊन कडक पडलंय, आणि सगळ्या येलहंक्याला आत्ताच आपापल्या गच्च्या आठवल्या आहेत. दरवर्षी हेच. उन्हाळाभर हातावर हात ठेवून बसायचं आणि भाद्रपदात मेस्त्रीच्या मागे धावायचं. मी खिडकी लावून घेतली. वास यायचा तो आलाच.

दुसऱ्यांना काय नावं ठेवू, आम्हीही तेच केलं होतं.

आमचं घर जुन्या येलहंक्यातलं, अर्धं असं आणि अर्धं तसं. पुढचा भाग मंगळुरी कौलांचा, चांगला उतरता, त्यावर पाणी थांबत नाही. मागच्या दोन खोल्यांवर मात्र चुन्याची जुनी गच्ची आहे. खाली सागवानी तुळया, त्यांवर चुन्यात उभ्या बसवलेल्या बारीक विटा, वर पुन्हा चुन्याचा थर. इथे तिला मद्रास गच्ची म्हणतात. परसाकडे तिला उतार आहे, पण बोटभरच. पावसाला तेवढा पुरत नाही. पाणी वर तळं करून बसतं, सावकाश भेगा शोधतं आणि खाली येतं. ते जिथे खाली यायचं त्या खोलीत माझा अण्णा झोपलेला असायचा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात जन्म घालवला, लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणाला सांगितलं नाही. माझे यजमान गेल्यावर आणि शाळेची नोकरी संपल्यावर मी परत ह्याच घरात आले. दोघंही म्हातारी, दोघंही तिरसट. सकाळच्या कॉफीवरून भांडायचो, पेपर आधी कुणी उघडला त्यावरून भांडायचो, आणि संध्याकाळी पायरीवर बसून डोक्यावरून जाणारी हवाईदलाची विमानं मोजायचो. मग त्याला खोकला लागला. आधी वाटलं धूळ असेल. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिले आणि सांगितलं, फुप्फुसं कडक होत चालली आहेत, आता मागे फिरणार नाहीत. जितकं जपाल तितकं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “खोली कोरडी ठेवा. भिंतीला बुरशी आली तर ह्यांचं काही खरं नाही.”

काही खरं नाही! हे त्या किती सहज म्हणाल्या. मी घरी आले, अण्णाच्या खोलीत मान वर करून पाहिलं, तर पलंगाच्या बरोब्बर वर, दोन तुळयांच्या मधे, ताटाएवढा हिरवट डाग.

पुढच्या हॉलमध्ये हलवून पाहिलं त्याला. कौलांच्या फटींतून वारा, रस्त्यावरच्या बसची धूळ. दोन दिवसांत खोकला दुप्पट झाला. “सुमे, मला माझ्या खोलीत ने,” एवढंच म्हणत राहिला. नेलं परत. करणार काय?

आमच्या घरात गच्चीला न्हाऊ घालायची पद्धत होती. हो, आम्ही तसंच म्हणायचो, न्हाणं. माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं आहे ते. शिवरात्र झाली, ऊन तापलं की बाबा मडक्यात हिरडे भिजत घालायचे. आठवडाभर ते पाणी मुरायचं, काळसर व्हायचं, त्याला एक तुरट वास सुटायचा. मग चाळलेला चुना, गूळ आणि ते पाणी एकत्र घोटून गच्चीवर लावायचं आणि गोट्यांनी घासायचं. आम्ही चारी भावंडं गुडघ्यांवर बसून घासत असायचो. हात भाजायचे, बोटांना चिरा पडायच्या, आणि बाबा आंघोळीच्या वेळी आई जसं ओरडायची तसं ओरडायचे, “कोपरे! कोपरे राहिले!” घासून घासून गच्ची गुळगुळीत व्हायची. त्या रात्री जेवणात हटकून गुळाची पोळी असायची, कारण गूळ जास्तच आणलेला असायचा. बाबा गेले, दोघं भावंडं गेली, तरी अण्णा एकटा दरवर्षी न्हाणं करायचा. आजारी पडला त्या वर्षी पहिल्यांदा चुकलं. आणि त्याच वर्षी गच्चीने दगा दिला.

ते अण्णाच्या मनात बसलं होतं. बोलून दाखवायचा नाही, पण डागाकडे बघत पडून राहायचा.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी महादेवपुऱ्यात कंपनीत आहे. ती एका रविवारी आली, डाग पाहिला आणि मोबाइल काढला. “मावशी, हे चुना-गूळ सगळं आता विसरा. रोलमध्ये शीट मिळते, डांबराचीच, पण त्यात प्लास्टिक मिसळलेलं असतं, ऊन-पावसात तडकत नाही. गॅसने तापवून चिकटवतात. एकदम वॉटरप्रूफ.” मला कुणी काही एकदम असं सांगितलं की आधी राग येतो. पण त्या दिवशी मी गप्प बसले. माझ्याकडे दुसरं काय होतं?

मेस्त्री मिळाला मुनियप्पा. आनेकलकडचा, साठीचा, कमी बोलणारा. गच्चीवर अनवाणी चढला, चुन्यावर तळहात ठेवून बराच वेळ उकिडवा बसला. खाली येऊन म्हणाला, “अक्का, सहा दिवस बिसिलु पाहिजे. कडक ऊन. ह्या चुन्यात पाणी भरलंय. ओल्यावर शीट घातली तर आगल्ल, चिकटणार नाही. वरून पाणी थांबेल आणि आतलं कोंडेल.” त्याचं मराठी-कन्नड असं मिसळलेलंच होतं आणि आमचंही. मी म्हटलं, सहा दिवस ऊन मी कुठून आणू? तो आभाळाकडे बघून हसला. “स्वल्प ताळि, अक्का. जरा धीर धरा. येईल.”

आणि आलं! गणपती गेले आणि पितृपक्षात असं लख्ख ऊन पडलं की मला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं. मी रोज दिवसातून चार वेळा जिना चढून जायची. चप्पल काढून चुन्यावर पाय ठेवायची. पहिल्या दिवशी गार, दुसऱ्या दिवशी कोमट, चौथ्या दिवशी चटका. खाली येऊन अण्णाला सांगायची, “आज भाजलं रे पायाला.” तो मान हलवायचा. आयुष्यात पाय भाजल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी अण्णाने मला हाक मारली. मी काहीतरी निवडत होते, तशीच गेले. तो उठून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी, हात गुडघ्यांवर.

“सुमे, उद्या घालणार ना ती काळी शीट?”

“हो. आणि परवापासून तू सुखाने झोपणार.”

“एकदा न्हाऊ घाल तिला.”

मला आधी कळलंच नाही कुणाला. मग कळलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “वेड लागलंय का तुला? सहा दिवस वाळवतेय मी तिला!”

“पातळ लाव. ह्या उन्हात तासाभरात वाळतं.” तो दम घ्यायला थांबला. “उद्यानंतर तिला कुणी कधी हात लावणार नाही. ह्या वर्षीचं माझ्याकडून राहिलंय. बाबांनी सांगितलं होतं, चुकवू नकोस. शेवटचं एकदा. मला वर जाता आलं असतं तर तुला सांगितलं नसतं.”

हिरडे त्याने कधीच भिजत घालून घेतले होते. कामाच्या बाईकडून, माझ्या नकळत. पलंगाखाली मडकं होतं, शेजारी चाळलेला चुना आणि गूळ.

आता सांगा, काय करायला हवं होतं मी? मी रागावले, बडबडले, स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आणि अर्ध्या तासाने सगळं मडक्यात घोटून, पदर खोचून, एका हातात मडकं आणि दुसऱ्या हातात कुंचा घेऊन जिना चढले. मायेने केलं म्हणावं तर ते पुरतं खरं नाही. त्याची ती नजर मला सहन होत नव्हती, आणि वाद घालायची ताकद संपली होती, हेही तितकंच खरं. पण एकदा गुडघ्यांवर बसले आणि मग मात्र माझं मलाच कळेना. चुन्याचा तो थंड स्पर्श, गुळाचा वास, वरून ऊन. मी पुन्हा दहा वर्षांची झाले. पातळ लावायचं ठरलं होतं, मी चांगलं भरपूर लावलं. गोटा सापडला नाही म्हणून वाटीने घासलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. तासाभरात सगळं वाळून पांढरं शुभ्र दिसायला लागलं. खाली आले तर अण्णाचे डोळे भरलेले. घासल्याचा आवाज त्याला खाली ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनियप्पा आला आणि गच्चीवर पाय ठेवताच थांबला. “हे पांढरं काय आहे, अक्का?”

आणि मी, तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई, म्हणाले, “जुना चुना आहे. उन्हाने वर आला असेल.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. बोटाने घासून पाहिलं. त्याच्या माणसांनी झाडून काढलं जेवढं निघेल तेवढं. मग प्रायमर लावला, शाईसारखा काळा. तो वाळल्यावर रोल उलगडले. बत्तीची निळी ज्योत शीटच्या पोटावर फिरायची, खालची पातळ प्लास्टिकची कातडी आक्रसून जळायची, डांबर चकाकायला लागायचं, आणि तो पायाने रोल पुढे ढकलत जायचा. एका शीटची कड दुसरीवर चार बोटं. सांध्यातून डांबराची बारीक रेघ बाहेर आली की तो समाधानाने “सरी” म्हणायचा, म्हणजे ठीक. कठड्यावर वीतभर चढवून वरची कड खाचेत घातली. वर चंदेरी रंग दिला. आमची पांढरी गच्ची त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत दिसेनाशी झाली. मला रडू आलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी पाऊस आला. इथला पाऊस तसाच, सकाळी ऊन आणि चारला आभाळ फाटतं. पहिल्या दिवशी खोली कोरडी. दुसऱ्या दिवशी कोरडी. मी शेजारणीला मुद्दाम बोलावून छत दाखवलं! तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर चंदेरी शीटला फुगे आलेले, इडलीएवढे, मधल्या भागात तर पुरीसारखा मोठा. पायाने दाबला की बाजूला सरकायचा. आत पाणी होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दुपारी ते अण्णाच्या पलंगावर आलं. आधी ठिबकत होतं, मग धार. बादली, पातेलं, परात, जे हाताला येईल ते. पलंग ओढला तर दुसरीकडून. वायरीच्या पेटीजवळून ओघळ आला तसं मी घाबरून ऑक्सिजनचं यंत्र काढून हॉलमध्ये नेलं, लांब वायर लावून. त्या मधल्या दोन मिनिटांत अण्णाचे ओठ निळे झालेले मी पाहिले. मी त्याला खांद्याला धरून ओढत नेत होते आणि आभाळाला तोंडाला येईल ते बोलत होते. शाळेतल्या कुणाला ते ऐकून खरं वाटलं नसतं. “थांब ना! थांब ना मेल्या!” पाऊस कुणाचं ऐकतो? सहाला थांबला. सगळं घर ओल्या चुन्याच्या वासाने भरलं होतं.

मुनियप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. फुग्यावर सुरी चालवली, शीटची कड धरून उचलली. ती अशी अल्लद उठली, जणू कुणी चिकटवलीच नव्हती. शीटच्या पोटाला पांढरा थर. माझा चुना सगळाच्या सगळा तिच्याबरोबर वर आला होता, कठड्याची कड सुटली होती आणि पाऊस तिथूनच आत शिरला होता. आणि कठड्याच्या कोपऱ्यातून, शीटच्या खालून, मुंग्यांची रांग लागलेली. बारीक, तांबड्या, कामात गढलेल्या.

त्याने त्या मुंग्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग चुना बोटावर घेऊन जिभेला लावला.

“बेल्ला,” तो म्हणाला. गूळ.

मी तिथेच कठड्याला टेकले. सगळं सांगितलं. न्हाणं, मडकं, अण्णा, माझं खोटं. मला वाटलं ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. तो डोक्याचा पंचा काढून तोंड पुसत राहिला. “त्याला सांगू नकोस,” मी म्हटलं. “हात जोडते. त्याला कळलं की त्याच्या हट्टाने हे झालं तर तो जगणार नाही.” मुनियप्पा पंचा खांद्यावर टाकून जिना उतरला.

खाली अण्णाने त्याला हॉलमध्ये बोलावून घेतलं. आयुष्यभर बाहेरच्या कुणाला एकेरीत न बोललेला माझा भाऊ, दोन शब्दांमधे तीनदा श्वास घेत त्याला बोलला. “काम... येत नाही तर... घेतोस कशाला? माझ्या बापाने... शंभर वर्षं टिकेल अशी ठेवली होती. तू... एका दिवसात...” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मुनियप्पा मान खाली घालून उभा होता, चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस. “नंदे तप्पु, सार,” तो म्हणाला. चूक माझीच. “ऊन पडू द्या. पुन्हा करून देतो.”

अण्णाने डोळे मिटून घेतले. मला वाटतं, त्याला बरं वाटलं. चुकलं ते आपल्याकडून नाही, बाबांकडून नाही, ह्या काळ्या शीटवाल्याकडून चुकलं.

ऊन पडलं नाही. ते वर्ष तसलंच होतं. रोज सकाळी मुनियप्पाचा फोन यायचा, “अक्का, येलहंक्यात आभाळ कसं आहे?” आणि मी दारात जाऊन बघून सांगायची, “तसंच.” गच्चीवर निळी ताडपत्री ताणलेली, चारी बाजूंनी विटा. हॉलमध्ये अण्णा, अंगावर दोन शाली, कौलांतून वारा. त्याचा खोकला ऐकत मी जेवण करायची, कपडे धुवायची, देवापुढे दिवा लावायची, आणि प्रत्येक कामात एकच मनात, आज सांगून टाकू का? सांगितलं तर तो स्वतःला दोष देईल. नाही सांगितलं तर एका निरपराध माणसाला शिव्या देत हा पडून राहील. जीव असा टांगणीला लागलेला की धड रडताही येईना. दसरा झाला. त्यानंतर आठव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी त्याच्यासाठी पेज गाळत असताना खोकला थांबला. मी चमचा हातात घेऊन हॉलमध्ये आले. तो दाराकडे तोंड करून होता.

डिसेंबरात मुनियप्पाने सगळी गच्ची खरवडली, पार विटांपर्यंत, दहा दिवस उन्हात ठेवली आणि नवी शीट घातली. तिला अजून एक फुगा नाही. अण्णाची खोली आता अशी कोरडी आहे की तिथे मी डाळी वाळवते. कुणी झोपत नाही तिथे.

मला सगळ्यांनी समजावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं संपलीच होती, महिना इकडे की तिकडे. भाची म्हणाली, मावशी, तुम्ही मामाची इच्छा पुरी केलीत, असं उलट बघा ना. शेजारीण म्हणाली, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलतात. मी मान हलवते, आणि त्यांची पाठ वळली की महिना इकडे की तिकडे ह्यावर विचार करत बसते. महिना म्हणजे काही थोडा नव्हे. महिन्याभरात तीस वेळा कॉफीवरून भांडलो असतो.

गेल्या आठवड्यात मुनियप्पा आला होता. न बोलावता येतो वर्षातून एकदा, पाणी जायच्या तोंडाशी पानं अडकली आहेत का बघायला. काम करून पायरीवर टेकला. मी पाण्याचा तांब्या दिला. इतकी वर्षं जे कुणालाही विचारलं नव्हतं ते त्याला विचारलं.

“मुनियप्पा, खरं सांग. मी तो चुना लावला नसता, तर शीट टिकली असती?”

त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. माझ्यासाठी माझ्या भावाशी खोटं बोललेला हा माणूस. मला वाटलं, माझ्याशीही बोलेल.

“टिकली असती, अक्का,” तो म्हणाला.

“सरी,” मी म्हटलं, आणि त्याच्यासाठी कॉफी ठेवायला आत गेले.